लपणारा दोष : ऊस वाहनांच्या वायरिंगमधील येऊन-जाऊन असणारा बिघाड कसा शोधावा?

(ऊस विकास विभागाकडून)

सभासद बंधूंनो,

ऊस विकास विभागाने बेणे, खत, पाणी आणि कीड यांबद्दल लिहावे ही आपली अपेक्षा रास्त आहे. तरीपण या अंकात आम्ही ट्रॅक्टर-ट्रॉली आणि ट्रक यांच्या विजेबद्दल लिहीत आहोत. त्याचे कारण असे की, ऊस शेतात कितीही चांगला पिकवला तरी तो तुटल्यापासून गव्हाणीत पडेपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढे त्याचे वजन घटते आणि साखरही घटते. तुटलेल्या उसातली साखर आपोआप मोडू लागते आणि तिची जी साधी साखर होते तिचे पोत्यात दाणे पडत नाहीत. म्हणून तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा असा आपला आग्रह असतो. उसाचे पैसे वजनावर मिळतात आणि २००९ पासून लागू झालेला एफआरपीचा दर उताऱ्याशी बांधलेला आहे. तेव्हा वाटेत उभी राहिलेली गाडी ही एकट्या गाडीमालकाची डोकेदुखी नव्हे. ज्याचा ऊस तिच्यात आहे त्याचे वजन जाते आणि सगळ्यांचा उतारा जातो.

दुसरे कारण याहून मोठे आहे. हंगामात निम्मी वाहतूक रात्रीची. मागचा तांबडा दिवा गेलेली भरलेली ट्रॉली अंधारात रस्त्यावर असली, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी मागचे दिवे व रिफ्लेक्टर सक्तीचे केले आहेत, पण गोष्ट निव्वळ दंडाची नाही, माणसाच्या जिवाची आहे.

ड्रायव्हर लोकांना विचारले तर उत्तर ठरलेले. "साहेब, निंगालो तवा लाईट चांगला होता. मंगा कधी गेला, मले काई समजलं नाई." त्यात खोटे काही नसते. दिवा खरोखरच निघताना लागलेला असतो, वाटेत जातो आणि काट्यावर पोचेपर्यंत परत आलेला असतो. या येऊन-जाऊन असणाऱ्या दोषाबद्दलच हा लेख आहे.

दोष दोन जातींचे

विजेचा दोष दोन जातींचा असतो. पहिला कायमचा. बल्ब उडाला, वायर तुटली, फ्यूज गेला. तो समोर उभा राहतो आणि मिस्त्री तो दहा मिनिटांत काढतो. दुसरा लपणारा. गाडी धक्के खाते तेव्हा तो येतो, मिस्त्रीच्या दारात उभी असते तेव्हा नसतो. मिस्त्रीला दोष दिसत नाही म्हणून तो अंदाजाने सामान बदलतो. आधी बल्ब, मग होल्डर, मग फ्लॅशर, मग बॅटरी. सामानाचे बिल वाढत जाते आणि दोष तिथेच राहतो.

आपल्या उसाचेच उदाहरण घ्या. लहान फुटव्याचा मधला पोंगा वाळतो. नवखा माणूस पोंग्याकडे पाहून वर औषध मारतो. जाणता शेतकरी पोंगा ओढून पाहतो. तो सहज उपटून आला आणि बुडाला घाण वास आला, की खोडकिडा. म्हणजे वाळतो शेंडा, पण दुखणं असतं बुडाशी. गाडीचेही तसेच आहे. दिवा विझतो मागच्या टोकाला, पण खराबी बहुतेक वेळा दुसरीकडेच असते.

वीज जाते तशी परतही यावी लागते

बॅटरीतून निघालेली वीज दिव्यापर्यंत जाते एवढे सगळ्यांना ठाऊक असते. ती परत बॅटरीला यावी लागते हे लक्षात राहत नाही. जाण्यासाठी वायर असते. येण्यासाठी बहुतेक गाड्यांत वेगळी वायर नसते, तर गाडीचे लोखंडच ते काम करते. यालाच आपण बॉडी अर्थिंग म्हणतो. जाणारी वाट इन्सुलेशनने झाकलेली असते. परतीच्या वाटेत मात्र गंज, रंग, ग्रीस, चिखल आणि ढिले नटबोल्ट असतात. त्यामुळे लपणारा दोष शोधताना परतीची वाट आधी तपासावी.

आता थोडे गणित. ओहम नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ साली मांडलेला नियम असा की, वाटेतला अडथळा आणि वाहणारी वीज यांचा गुणाकार केला की किती व्होल्ट वाटेतच खर्च झाले ते कळते. समजा पुढच्या दोन्ही मोठ्या दिव्यांना मिळून १० अँपिअर वीज लागते आणि एका गंजलेल्या जोडात ०.२ ओहम एवढाच अडथळा आहे. १० गुणिले ०.२ म्हणजे २ व्होल्ट त्या जोडातच गेले. दिव्याला १२ ऐवजी १० मिळाले. साध्या तारेच्या बल्बचा उजेड तेवढ्यानेच जवळपास निम्म्यावर येतो. आणि गेलेले २ व्होल्ट नाहीसे होत नाहीत. ते त्या जोडात २० वॅटची उष्णता होऊन बसतात. जोड तापतो, तापल्याने आणखी गंजतो आणि ढिला होतो. म्हणजे दोष स्वतःच स्वतःला वाढवतो.

सेल्फचे गणित याहून कडक आहे. सेल्फ मारताना २०० अँपिअर किंवा त्याहूनही जास्त वीज लागते. तिथे ०.०१ ओहम म्हणजे ओहमचा शंभरावा भाग अडथळा असला तरी २ व्होल्ट गेलेच. बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेली पांढरी भुकटी एवढा अडथळा सहज करते. मग "बॅटरी बसली" म्हणून आपण नवी बॅटरी आणतो. नवी बसवताना टर्मिनल घासून घट्ट केले जाते, त्यामुळे गाडी चालते, आणि आपल्याला वाटते की बॅटरीच खराब होती.

दोष येतो तो चार कारणांनी

लपणारा दोष उगाच येत-जात नाही. त्याला हलवणारे काहीतरी असते. ते चारांपैकी एक असते.

१. हादरा. काळ्या मातीतला रस्ता, नाल्याचा उतार, भरलेल्या ट्रॉलीचा ओढा. यात अर्धवट तुटलेली वायर आणि ढिले थिंबल उघडे पडते.

२. उष्णता. थंड असताना ठीक, तास-दोन तास चालल्यावर बंद, थांबून गार झाल्यावर परत चालू. असे असेल तर गुंडाळी असलेला भाग (सेल्फचा सोलेनॉइड, रिले, सेन्सर) किंवा इंजिनजवळचा जोड पाहावा.

३. ओल. थंडीतल्या पहाटेचे दव, गाडी धुतल्यानंतरचे पाणी. उसाचा रस सॉकेटवर सांडला तर त्यावर धूळ चिकटते आणि तो थर ओल धरून ठेवतो. तांब्यावर हिरवा थर दिसला की ओल आत शिरली असे समजावे.

४. भार. एकटा दिवा लावला तर ठीक, पण दिवे, ब्रेक आणि इंडिकेटर एकदम लागले की सगळे मंद. हे कमी पडणाऱ्या वाटेचे, म्हणजे बहुधा अर्थिंगचे लक्षण.

यांत पाचवे कारण उंदराचे. गाडी हंगाम संपल्यापासून पुढच्या हंगामापर्यंत शेडमध्ये उभी राहते. त्या काळात उंदीर वायरीचे वेष्टण कुरतडतात. उघडी पडलेली तार हंगामात हादऱ्याने बॉडीला लागते आणि फ्यूज जातो.

आधी वही, मग पक्कड

लपणारा दोष शोधण्याचे पहिले हत्यार म्हणजे खिशातली छोटी वही. दोष आला की ड्रायव्हरने चार गोष्टी लिहाव्या : वेळ, गाडी भरलेली की रिकामी, रस्ता कसा होता व गाडी काय करत होती, आणि काय काय बंद पडले. लिहिता येत नसेल तर स्लिप बॉयकडून लिहून घ्यावे. मोबाईलवर आपल्याच आवाजात बोलून ठेवले तरी चालते.

एका सभासदाच्या ट्रॉलीचे मागचे दिवे असेच जात-येत होते. बल्ब दोनदा बदलले, होल्डर बदलले, शेवटी मागची सगळी वायर नवी ओढली. दोष कायम. मग आम्ही त्यांना आठ दिवस वही ठेवायला सांगितले. नोंदी अशा आल्या :

रात्री ८.१०. भरलेली. नाल्याचा उतार. मागचे दोन्ही दिवे गेले. चढ लागल्यावर आले.

रात्री ११.३०. रिकामी. सरळ डांबरी रस्ता. काही दोष नाही.

पहाटे ५. भरलेली. डावे वळण. दोन्ही दिवे गेले. ब्रेक दाबला तर इंडिकेटर मंद लागला.

सायंकाळी ७. भरलेली. यार्डात उभी. दिवे चांगले.

या चार ओळींत सगळे उत्तर आहे. दोन्ही दिवे एकदम जातात, म्हणजे बल्ब किंवा होल्डर नव्हे, दोघांना सामाईक असलेली वाट खराब आहे. उतारावर आणि वळणावर जातात, म्हणजे ट्रॅक्टर आणि ट्रॉली जिथे एकमेकांवर हलतात तिथे खराबी आहे. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद लागतो, म्हणजे ब्रेकच्या दिव्याची वीज परतीची वाट न सापडल्याने दुसऱ्या बल्बमधून घुसून वाट शोधते. हे अर्थिंग गेल्याचे पक्के चिन्ह. त्या ट्रॉलीला अर्थिंगची वायर नव्हतीच. वीज हुकाच्या पिनेतून परत येत होती. चढावर ट्रॉलीचा ओढा असतो तेव्हा पीन आवळून बसे आणि दिवे लागत. उतारावर ट्रॉली पुढे ढकलली जाई, पीन मोकळी होई, मधे ग्रीस आणि गंज, की दिवे गेले.

उपाय काय, तर ट्रॉलीच्या चासीपासून सॉकेटपर्यंत आणि सॉकेटपासून ट्रॅक्टरच्या चासीपर्यंत एक जाड वायर. दोन्ही टोकांना रंग खरवडून, थिंबल लावून, दातेरी वॉशरसह बोल्ट आवळला. सामान राजापेठेतल्या कोणत्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळण्यासारखे. सात पिनांच्या सॉकेटमध्ये एक पीन याच कामासाठी असते आणि तिच्याजवळ पुष्कळदा ३१ आकडा कोरलेला असतो. ही मूळ जर्मन पद्धत आता जगभर चालते. ३१ म्हणजे अर्थिंग, ३० म्हणजे बॅटरीची थेट लाईन, १५ म्हणजे चावी फिरवल्यावर येणारी लाईन, ५० म्हणजे सेल्फची, ५८ म्हणजे मागच्या दिव्यांची आणि ५४ म्हणजे ब्रेकच्या दिव्यांची. रिले आणि चावीच्या स्विचवरही हे आकडे दिसतात. वायरीचा रंग गाडीगणिक बदलतो, दुरुस्तीत तर कोणत्याही रंगाची वायर लागते. म्हणून रंगापेक्षा आकड्यावर भरवसा ठेवावा.

मीटर कसा लावावा

साधा डिजिटल मल्टिमीटर आता स्वस्त झाला आहे. चार-पाच गाड्यावाल्यांनी मिळून एक घेतला तरी पुरतो. त्याने करायच्या तपासण्या अशा (आकडे १२ व्होल्टच्या गाडीचे आहेत. २४ व्होल्टच्या ट्रकला पहिल्या दोन तपासण्यांत दुप्पट धरावेत) :

पहिली तपासणी बॅटरीची. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी दोन्ही टर्मिनलवर मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. हायड्रोमीटर असेल तर प्रत्येक घराचे पाणी मोजा. पाच घरे सारखी आणि एक खूप खाली असेल तर ती बॅटरी गेलीच.

दुसरी तपासणी चार्जिंगची. इंजिन मध्यम वेगात चालवून पाहा. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असावे. कमी असेल तर आधी पट्टा ढिला आहे का पाहा, मग अल्टरनेटरच्या मागचा जोड. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर खराब आहे. बॅटरीचे पाणी वारंवार आटते ते यामुळे.

तिसरी तपासणी अर्थिंगची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर ठेवा. क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खुंटीवरच. दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर ठेवा आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. मीटर ०.२-०.३ व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग चांगले. ०.५ च्या वर गेला तर बॅटरी ते चासी आणि चासी ते इंजिन या दोन्ही पट्ट्या काढून, घासून परत आवळा. इंजिन रबरी पॅडवर बसलेले असते, म्हणून चासी ते इंजिन ही पट्टी वेगळी लागते. इंजिन उतरवून काम झाले की ती लावायची राहून जाते, आणि मग सेल्फची वीज क्लच किंवा अॅक्सिलेटरच्या केबलमधून वाट काढते. केबल गरम लागली तर समजून घ्यावे.

इथे एक सूचना. मोजणी नेहमी भार चालू ठेवून करा. तीस तारांच्या वायरीतल्या एकोणतीस तुटल्या आणि एकच उरली, तरी दिवा बंद असताना मीटर पुरे १२ व्होल्ट दाखवतो. दिवा लावला की ती एक तार पुरत नाही आणि व्होल्ट कोसळतात. "लाईन तर येऊन ऱ्हायली, मंग दिवा कायले लागत नाई?" या प्रश्नाचे उत्तर हेच.

हलवून पाहण्याची रीत

दोष शोधायला गाडी हलवावीच लागते, पण रीतसर. दिवा चालू ठेवा, मीटर दिव्याच्या होल्डरला लावा आणि एका माणसाने मीटरकडेच पाहत राहावे. दुसऱ्याने वायर एका टोकापासून हातभर-हातभर हलवत यावी. एका वेळी एकच जागा. सगळा वायरिंगचा गठ्ठा एकदम झटकला तर दोष जागा सोडून पळतो आणि नेमका कुठे होता ते कळत नाही. जिथे मीटरचा आकडा उडतो तिथे दोरा बांधून खूण करा आणि पुढे चला. खराब जागा एकच असेल असे धरू नका.

ओलीचा संशय असेल तर सॉकेट व जोडांवर हाताने थोडे थोडे पाणी शिंपडून पाहावे. उष्णतेचा संशय असेल तर गाडी तापेपर्यंत चालवून लगेच तपासावी. दोष ज्या स्थितीत येतो तीच स्थिती आणून तपासणे, यातच अर्धे काम आहे.

फ्यूज कधीतरीच जात असेल तर एक जुनी युक्ती आहे. फ्यूज काढा आणि त्याच्या जागी दोन वायरींनी पुढच्या दिव्याचा एक बल्ब जोडा. त्या लाईनवरचे सगळे बल्ब होल्डरमधून काढून ठेवा. आता स्विच चालू केला तरी जोडलेला बल्ब लागायला नको, कारण विजेला परतीची वाटच नाही. मग वायर हलवत जा. जिथे हलवल्यावर बल्ब भक्कन लागला तिथेच तार उघडी पडून बॉडीला लागते आहे. यात फ्यूज जळत नाही आणि वायरही जळत नाही.

सेल्फचा आवाज ओळखा

चावी फिरवल्यावर काहीच आवाज नाही : चावीचा स्विच, सेल्फची बारीक वायर किंवा सेफ्टी स्विच. आताच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रल असल्याशिवाय सेल्फ लागत नाही. त्यासाठी बसवलेला लहान स्विच चिखलाने अडकतो. क्लच दोन-तीनदा दाबल्यावर सेल्फ लागत असेल तर तोच.

'टक्' असा एकच आवाज आणि पुढे शांत : सोलेनॉइडचे आतले तांबे जळालेले, किंवा अर्थिंग खराब.

'टकटकटक' असा सलग आवाज : बॅटरी कमी भरलेली किंवा टर्मिनल ढिले.

गाडी चालता चालता एकाएकी बंद आणि लगेच परत चालू : चावीने बंद होणाऱ्या गाडीत डिझेल रोखणाऱ्या सोलेनॉइडची वायर पाहावी. जुन्या गाडीत इंजिन केबलने बंद होते, तिथे विजेचा संबंध नसतो. तिथे डिझेलची लाईन व हवा पाहावी. विजेचा झटका एकदम असतो, डिझेलची गाडी मात्र आधी आचके देते. हा फरक ड्रायव्हरने सांगितला तर मिस्त्रीचा वेळ वाचतो.

स्वयंचलित गिअरची गाडी

आपल्याकडे ऊस वाहतुकीत अजून हाताच्या गिअरच्याच गाड्या जास्त आहेत. पण विदर्भातच चंद्रपूर-वणी भागात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या उघड्या खाणींत स्वयंचलित गिअरचे मोठे डंपर चालतात, आणि ट्रकमध्येही क्लचशिवाय गिअर बदलणारी एएमटीची जात आलेली आहे. अशी जुनी गाडी घेण्याचा विचार असेल तर तिची तऱ्हा समजून घ्यावी.

या गाडीत गिअर कधी बदलायचा हे एक कंट्रोल बॉक्स ठरवतो. वेग मोजणारे सेन्सर त्याला बातमी देतात. त्यानुसार तो सोलेनॉइडना हुकूम देतो आणि सोलेनॉइड तेलाची किंवा हवेची वाट उघडतात. बातमी मधेच तुटली की बॉक्स गोंधळतो. मग गाडी उगाच गिअर वर-खाली करते, किंवा एकाच गिअरमध्ये अडकून हळूहळू चालते. हा बिघाड नसून गिअरबॉक्स वाचवण्यासाठी केलेली सोय आहे. चावी बंद करून परत चालू केली की गाडी ठीक होते, आणि दोन तासांनी पुन्हा तेच. मालकाला वाटते गिअरबॉक्स उतरवावा लागणार.

गिअरबॉक्सला हात लावण्याआधी हा क्रम पाळा. एक, बॅटरी आणि चार्जिंग. व्होल्ट घसरले की बॉक्स आधी बिथरतो. दोन, बॉक्सचे आणि गिअरबॉक्सचे अर्थिंग. तीन, गिअरबॉक्सवरचा मोठा प्लग. तो उघडून आत तेल झिरपले आहे का, पिना हिरव्या किंवा वाकलेल्या आहेत का ते पाहा. चार, सेन्सरकडे जाणारी वायर सायलेन्सरजवळ वितळली किंवा चासीवर घासली आहे का. पाच, न्यूट्रल ओळखणारा स्विच. तो बिघडला तर गाडी न्यूट्रलला असूनही सेल्फ लागत नाही. एवढे झाल्यावरच सेन्सर आणि सोलेनॉइड तपासायचे, गार असताना एकदा आणि गरम असताना एकदा. बॉक्समध्ये दोषाचा क्रमांक साठवलेला असतो. बॅटरीची वायर काढण्यापूर्वी तो यंत्रावर वाचून वहीत लिहून घ्यावा, कारण काही गाड्यांत वायर काढली की तो पुसला जातो.

अशा गाडीत, तसेच १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ ट्रकमध्ये, बल्बचा टेस्टर कंट्रोल बॉक्सच्या वायरींना लावू नका. बल्ब जास्त वीज ओढतो आणि बॉक्सचे नुकसान होऊ शकते. तिथे डिजिटल मीटरच वापरावा. फ्यूजच्या जागी बल्ब लावण्याची वर सांगितलेली युक्तीही साध्या दिव्यांच्या लाईनपुरतीच आहे.

काय करू नये

फ्यूज गेला म्हणून सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद किंवा तारेचा तुकडा लावू नका. फ्यूज मेला की वायर वाचते. फ्यूज मरू दिला नाही तर वायर पेटते, आणि आपल्या गाडीत तर वाळलेले पाचट असते. १० अँपिअरच्या जागी ३० चा फ्यूज लावणे हाही तोच प्रकार.

वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळू नका. पिळलेला जोड हादऱ्याने ढिला होतो आणि टेपखाली ओल साचते. थिंबल दाबून किंवा डाख देऊन जोडा आणि वर आवळणारी नळी चढवा.

ट्रॉलीला किंवा चासीला वेल्डिंग करताना बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, ट्रॉलीचा प्लग सोडा आणि कंट्रोल बॉक्स असेल तर त्याचाही. वेल्डिंगची वीज अल्टरनेटरच्या आतल्या नाजूक भागांतून गेली की तो जातो, किंवा अर्धा मरतो आणि मग लपणारा दोष होऊन बसतो.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून "डायनामो चालतो का" हे पाहू नका. अल्टरनेटरच्या गाडीत ही सवय महाग पडते.

वायरीवर काम करताना आधी निगेटिव्ह काढा आणि शेवटी निगेटिव्ह लावा. पान्हा बॉडीला लागून ठिणगी पडत नाही. चार्ज होणाऱ्या बॅटरीजवळ विडी ओढू नका, तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो.

हंगामापूर्वीचे एक दिवसाचे काम

शेडमधून गाडी काढली की एक दिवस यासाठी राखून ठेवा. टर्मिनल सोड्याच्या पाण्याने धुवून (ते पाणी घरांत जाऊ न देता), घासून, आवळून वर व्हॅसलीन लावा. अर्थिंगच्या पट्ट्या काढून घासा. सॉकेट उघडून पिना पाहा आणि झाकण नसेल तर बसवा. चासीला घासणाऱ्या वायरीवर रबरी नळी चढवून पट्टीने बांधा. उंदराने कुरतडले आहे का ते बॅटरीच्या पेटीपासून मागच्या दिव्यापर्यंत हाताने चाचपत पाहा. नंतर संध्याकाळी ट्रॉली जोडून सगळे दिवे एकदम लावा, ब्रेक दाबून ठेवा आणि ट्रॅक्टर डावी-उजवीकडे पूर्ण वळवा. एका माणसाने मागे उभे राहून पाहावे. वळणावर दिवा लुकलुकला तर तो शेडच्या दारातच सापडला, नाल्याच्या उतारावर नव्हे.

आणि एवढे करूनही रात्री दिवा गेलाच, तर रिफ्लेक्टर आपले काम करतो. त्याला ना वायर लागते, ना अर्थिंग. ट्रॉलीच्या मागे व दोन्ही बाजूंना रिफ्लेक्टर लावा आणि उसाचे वाढे त्यांवर लोंबू देऊ नका.

आपल्या गाडीच्या नोंदींची वही घेऊन आमच्या राजापेठच्या कार्यालयात किंवा गटाच्या शेतकी ऑफिसात यावे. आम्ही वायरमन नाही, पण वही वाचून दोष कुठल्या बाजूला आहे ते सांगू शकतो, आणि मिस्त्रीकडे जाताना नेमके काय सांगायचे ते लिहून देऊ.

येणारा हंगाम आपणा सर्वांना सुखरूप जावो.

आपले,
ऊस विकास विभाग